टाइपाचा इतिहास कशासाठी?

लग्नपत्रिका, मुखपृष्ठ किंवा दुकानाची पाटी सजवणाऱ्या चित्रकाराला आज संगणकावर हवी तेवढी अक्षरवळणे आयती मिळतात. मग शिशाच्या खिळ्यांचा इतिहास त्याने कशासाठी अभ्यासावा, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर अक्षराच्या घडणीतच आहे.

रोमन अक्षरे एकापुढे एक बसतात. आपली देवनागरी तीन मजल्यांची: मध्ये अक्षर, वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. तेथे हाताचे वळण जसेच्या तसे कागदावर उतरते. खिळ्यांत ती सोय नाही. मात्रा, उकार, जोडाक्षरे यांसाठी शेकडो खिळे पाडावे लागत. हे अवघड काम जावजी दादाजींच्या निर्णयसागरात राणोजी रावजी आरू यांच्या हाताने इतके सुबक उतरले, की त्या टाइपाचे नाव देशभर झाले.

ही अडचण ज्याने समजून घेतली, तो मराठी ओळींत इंग्रजीइतकेच अंतर ठेवणार नाही. ठेवले, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला जाऊन भिडतो आणि वाचणाऱ्याचा डोळा अडखळतो.

दुसरे उदाहरण 'ल' आणि 'श' यांचे. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, श देठाचा. हिंदीत या दोन्हींचे वळण निराळे. युनिकोड या संगणकाच्या संकेतात मात्र दोन्ही वळणांना क्रमांक एकच. कोणते रूप उमटायचे, हे निवडलेला फाँट आणि त्यातली भाषेची सोय ठरवते. चित्रकाराने इकडे लक्ष दिले नाही, तर बालवाचनात एक वळण आणि शाळेच्या फळ्यावर दुसरे, असे होते. आणि बोल मात्र बिचाऱ्या मुलाला लागतो.

इतिहास जाणणे म्हणजे जुने गिरवत बसणे नव्हे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी सुलेखनाची परंपरा मुरवून घेतली आणि संगणकासाठी 'मंगल' हा फाँट घडवला. अक्षराचे काय बदलले तरी चालते आणि काय बदलले की ते वाचता येत नाही, हा विवेक इतिहासातून येतो. तो ज्याच्यापाशी आहे, त्याने नवे वळण खुशाल काढावे; आपल्याला ते सुखाने वाचता येईल.