दिवाळीनंतरची पायवाट

डिसेंबरात बेसिंगस्टोकला चारलाच सूर्य मावळतो आणि आपण ज्येष्ठ मंडळी मार्चपर्यंत घरात कोंडून घेतो. त्यापेक्षा एखाद्या कोरड्या दुपारी जवळच्या ग्रेवेल गावी चला. 1794 मध्ये पूर्ण झालेल्या बेसिंगस्टोक कालव्याचा इथला बोगदा 1932 मध्ये ढासळला. आता हिवाळाभर त्यात वटवाघळं झोपतात. ते काम त्यांच्यावरच सोडू या! बोगद्याच्या तोंडापासून कालव्याकाठची सपाट वाट मैलभराच्या आत ओडिहॅमच्या पडक्या किल्ल्याशी नेते. 1215 मध्ये जॉन राजा इथूनच मॅग्ना कार्टासाठी रनीमीडला गेला, असं सांगतात. बूट जाड तळाचे घाला, तीनच्या आत परता. नातवंडांनाही न्या: गोष्ट तुम्ही मराठीत सांगा, चिखलात हात ती देतील.