खासरा पत्रकापासून ई-फेरफारपर्यंत : नोंदींच्या स्थलांतराचा आढावा

डेटाबेसचे स्थलांतर म्हणजे एका प्रणालीत साठवलेल्या नोंदी दुसऱ्या प्रणालीत, बहुधा दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, अर्थ न बिघडवता नेणे. महाराष्ट्रात हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाले ते जमिनीच्या अभिलेखांचे. सुमारे अडीच कोटी सातबारे आणि ३५८ तालुके एवढा त्याचा पसारा. त्यात धाराशिव जिल्ह्यातील उमरग्यासारखा कर्नाटकाच्या सीमेवरचा तालुका अभ्यासाला विशेष उपयोगी पडतो, कारण तिथल्या नोंदींनी संगणक येण्याआधीच मोठी स्थलांतरे पाहिली होती.

१७ सप्टेंबर १९४८पर्यंत उमरगा हैदराबाद संस्थानात होते. महसुलाचे दफ्तर उर्दूत, वर्षे फसली, म्हणजे महसुली पंचांगाची. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षारंभ वेगळा असल्याने ही बेरीज काही महिन्यांसाठी चुकते. पुढे १९५४-५५चे खासरा पत्रक आले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ लागू झाल्यावर गाव नमुना ७ आणि १२ यांची, म्हणजेच सातबाराची, आजची चौकट बसली. लिपी, भाषा, पंचांग आणि तक्ता अशा चारही गोष्टी कारकुनांनी हाताने बदलल्या. त्यात जमिनींच्या एकत्रीकरणाची भर पडली. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि कधी एकाच गटात अनेक सर्व्हे नंबरांचे तुकडे सामावले. कोणता जुना नंबर कोणत्या गटात गेला हे सांगणारे एकत्रीकरणाचे पत्रक म्हणजेच स्थलांतराचा नकाशा. जिथे ते फाटले किंवा हरवले, तिथले वाद अजून मिटत नाहीत.

संगणकाचा टप्पा थोडक्यात असा. केंद्र सरकारची भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना १९८८-८९ची. नंतर तालुक्यातालुक्यात स्वतंत्र डेटाबेस उभे राहिले. २००८ साली भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, मग राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) घडवलेली, फेरफार संगणकावर नोंदवणारी ई-फेरफार प्रणाली आणि तिच्यासोबत राज्यपातळीवर एकवटलेला डेटा. १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. योजनांची नावे आणि निधीचे आकडे शासकीय अहवालांत आहेतच.

तक्त्यांच्या रचनेचा भाग तुलनेने सोपा, तरी तिथे एक जुना सापळा आहे. सरकारी कचेऱ्यांत डॉसच्या काळी डीबेस आणि फॉक्सप्रो यांचे राज्य होते. त्यांत नोंद पुसली की ती जात नाही. तिच्या पहिल्या बाइटवर फक्त खूण लागते आणि ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत ती फाइलमध्येच राहते. ही खूण न पाहता फाइल वाचली तर पुसलेल्या नोंदी नव्या प्रणालीत पुन्हा जिवंत होतात. जमिनीच्या बाबतीत याचा अर्थ असा की, वीस वर्षांपूर्वी जमीन विकून गेलेला माणूस पुन्हा खातेदार म्हणून उभा राहतो.

खरा कस लागतो तो अक्षरांपाशी, आणि याच भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. १९८८ साली पुण्यात सीडॅक हे संगणक संशोधन केंद्र स्थापन झाले आणि आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले जिस्ट तंत्र तिथे वाढले. संगणकात जिस्ट कार्ड बसवले की डॉसच्या पडद्यावर मराठी दिसे. त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक झाली. ती फार विचारपूर्वक घडवलेली होती. अक्षराला एक बाइट, इंग्रजी खालच्या १२८ जागांत, भारतीय लिपी वरच्या जागांत; शिवाय ‘क’ देवनागरीत असो वा कन्नडमध्ये, संकेत तोच. उमरग्याला लागून असलेल्या, कर्नाटकातील बसवकल्याण आणि आळंद भागातील नावे फक्त लिपी बदलून दाखवता यावीत, इतकी ती सोय होती. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली, त्यामुळे इस्कीतला डेटा युनिकोडमध्ये नेणे जवळजवळ निर्धोक असते.

विंडोज आल्यावर ही शिस्त मोडली. सुरेख, योगेश, श्री-लिपी, आकृती असे फॉन्ट घरोघरी पोचले आणि पुष्कळ ठिकाणी डेटाबेसमध्ये अक्षराऐवजी फॉन्टमधील आकाराचा क्रमांक साठवला गेला. ‘ग’ म्हणजे अर्धा ग आणि काना असे दोन आकार. ऱ्हस्व वेलांटी दिसते डावीकडे, म्हणून साठवलीही व्यंजनाच्या आधी. रफार दिसतो पुढच्या अक्षरावर, म्हणून त्याच्या नंतर. या भागातले घरोघरचे नाव घ्यावे, मल्लिकार्जुन. फॉन्टच्या क्रमात त्यातली वेलांटी ‘ल्ल’च्या आधी येते आणि रफार ‘जु’च्या मागे. युनिकोडला हवा तो क्रम उच्चाराचा : आधी जोडाक्षर मग वेलांटी, आधी र आणि हलंत मग ज. शिवाय प्रत्येक कंपनीचे क्रमांक निराळे. डेटा कोणत्या फॉन्टमध्ये टंकला हे कुठे लिहून ठेवलेले नसेल तर तो वाचणे फार अवघड होते.

बाजारात मिळणारा कन्व्हर्टर चालवला की काम संपले, असे मानणारा एक पंथ आहे. हे मत चुकीचे आहे. बहुतेक कन्व्हर्टर ‘हे शोधा, ते घाला’ अशा याद्यांवर चालतात. यादीचा क्रम जरा इकडेतिकडे झाला की जोडाक्षर फुटते, आणि फुटलेले नाव संगणकाला निर्दोषच वाटते. दुसरा पंथ म्हणतो, जुने सगळे टाकून द्या आणि कागदावरून नव्याने टंका. त्याने जुन्या चुका जातात हे खरे, पण तितक्याच नव्या येतात, आणि त्या कुठे आल्या हे कोणालाही सांगता येत नाही.

विश्वासाची पद्धत उलट फेरीची. नाव आधी एकेका पूर्ण अक्षरात सोडवायचे, मराठी जोडाक्षरांच्या नियमांनी तपासायचे, युनिकोडमध्ये लिहायचे. आणि मग तेच युनिकोड पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये उलटवून मूळ बाइटांशी ताडून पाहायचे. बाइट न् बाइट जुळला तर नोंद पुढे. जुळला नाही तर ती बाजूला काढून माणसाच्या हाती द्यायची. याने स्थलांतर सावकाश होते, परंतु काय बदलले याचा पुरावा हाती राहतो. या पद्धतीला आज कोणी वेळ देत नाही, ही दुःखाची गोष्ट आहे. इस्कीचा तक्ता पाठ असलेले आणि बिघडलेली ओळ पाहून फॉन्ट ओळखणारे ऑपरेटर निवृत्त झाले, आणि त्यांचे ज्ञान कोणी लिहून घेतले नाही.

युनिकोडमध्ये पोचल्यावरही सावधपण लागते. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला ऱ्ह दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ आणि हलंत, किंवा साधा ‘र’, हलंत आणि न दिसणारा जोडक. दिसायला एकच, बाइट वेगळे. शोधल्यावर एक सापडतो, दुसरा नाही. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणून ओरॅकलमध्ये लांबी बाइटांत धरली असेल तर चाळीसच्या रकान्यात तेराच चिन्हे मावतात, तर पोस्टग्रेस अक्षरे मोजतो. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, तिला चार बाइट लागतात; मायएसक्यूएलच्या जुन्या तीन-बाइटी ‘यूटीएफ-८’मध्ये ती बसतच नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये युनिकोड नसलेल्या रकान्यात मराठी ढकलले तर उरतात फक्त प्रश्नचिन्हे, आणि त्यांवरून मूळ नाव परत मिळत नाही.

आकड्यांतही अर्थ दडलेला असतो. जुन्या नोंदीतले १.३० म्हणजे एक एकर तीस गुंठे असेल तर चाळीस गुंठ्यांच्या हिशोबाने ते पावणेदोन एकर, म्हणजे सुमारे ७०.८ आर होतात. दशांश समजून रूपांतर केले तर ५२.६ आर, आणि शेतकऱ्याचे अठरा गुंठे कागदावरून नाहीसे होतात. गट नंबर ५/२ स्प्रेडशीटमधून नेला की त्याची तारीख बनते. ओरॅकल रिकामा मजकूर आणि ‘नोंदच नाही’ यांत फरक करत नाही, इतर प्रणाली करतात.

गावांचे संकेतांकही स्थिर नसतात. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसली. त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर आज लोहारा तालुक्यात आहे. जनगणनेचे संकेतांक दर खेपेस बदलत गेले. जिल्ह्याचे नाव २०२३मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले. म्हणून गावाच्या नावाला किंवा जनगणनेच्या क्रमांकाला नोंदीची मुख्य किल्ली करू नये. जुन्या-नव्या संकेतांकांचा वेगळा तक्ता तारखांसह ठेवावा.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्याने होणारे घोटाळे थोडे, पण फसवे. विंडोजवर मायएसक्यूएल तक्त्यांच्या नावांतली रोमन लहान-मोठी अक्षरे सारखीच धरतो, लिनक्सवर मूलतः वेगळी. २०१८ साली लिनक्सच्या ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले, आणि डेटाबेस तोच असूनही पोस्टग्रेसचे जुने इंडेक्स चुकू लागले. असलेली नोंद सापडेना. ऑपरेटिंग सिस्टिम बदलून स्थलांतर झाल्यावर इंडेक्स नव्याने बांधलेच पाहिजेत.

शेवटी मेळ. नोंदींची संख्या जुळली म्हणजे काम बरोबर झाले, असे नव्हे. महसुलात त्यासाठी आकारबंदासारखे उत्तम साधन आहे : भूमापनाने ठरवलेले प्रत्येक गटाचे क्षेत्र आणि आकार. सातबाऱ्यांची बेरीज आकारबंदाशी जुळलीच पाहिजे. नावांचा मेळ मात्र यंत्राने बसत नाही. त्यासाठी सातबारा तपासणीच्या २०१७च्या मोहिमेत झालेले चावडी वाचन हाच योग्य मार्ग होता. गावासमोर सातबारा वाचला की चुकलेले नाव ज्याचे त्यालाच कळते. हस्तदोष महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्त होतात, पण तहसीलच्या खेपा शेतकऱ्याला घालाव्या लागतात आणि तोवर पीककर्ज अडते.

२०२३ साली मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा मराठवाड्यात निजामकाळातील उर्दू आणि मोडी कागद पुन्हा उघडावे लागले. कागद जपलेले होते म्हणूनच ते वाचता आले. तालुक्याच्या ज्या कचेऱ्यांत डॉस-फॉक्सप्रोच्या फाइली आणि जुन्या फॉन्टमधील डेटा अजून शिल्लक आहे, तिथे तो पुसू नये. त्याची जशीच्या तशी प्रत, फॉन्टसह आणि रकान्यांच्या वर्णनासह, अभिलेख कक्षात दाखल करून घ्यावी.