घाटातली पिकअप, अंगणातला गिअरबॉक्स
शहाडहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढणाऱ्या पिकअपची क्लचप्लेट झिजली, की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. उंच केलेल्या गाडीखाली शिरायला जागा मिळते, पण जड गिअरबॉक्स तेवढ्याच उंचीवरून खाली घ्यायचा असतो. म्हणून पक्की सपाट जमीन, चाकांना दगड आणि चेसिसखाली भक्कम स्टँड हवेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपू नये.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, ऑइल काढावे. फोर-व्हील-ड्राइव्हला पुढे-मागे दोन प्रोपेलर शाफ्ट असतात. फ्लँजवर खूण करूनच ते सोडवावेत. मग लिव्हर, स्टार्टर, ट्रान्सफर केस. शेवटी इंजिनाला टेकू देऊन बेल हाउसिंगचे बोल्ट काढावेत आणि गिअरबॉक्स सरळ मागे ओढावा. तो तिरका लोंबकळला, तर इनपुट शाफ्टच्या भाराने क्लचप्लेट वाकते.