सावलींतील रंगीत पानें

बाग म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम फुलें उभीं राहतात, आणि फुलांना बहुधा ऊन हवें असतें. म्हणून घराची उत्तरेकडील बाजू, पडवीचा कोपरा किंवा फणसाखालची जागा येथें कांहीं लावावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं. तेथें जळाऊ लाकडें तरी रचलेलीं असतात, नाहीं तर फुटकीं मडकीं पडलेलीं असतात. अशाच जागीं शोभा आणणारी एक वनस्पति आहे. तिचें नांव कॅलेडियम. आपल्याकडे कोणी तिला रंगीत अळू असेंही म्हणतात. ती फुलांसाठीं नव्हे, तर पानांसाठीं लावितात. एखाद्या जातीच्या पानावर तांबड्या शिरा असतात, दुसरीवर गुलाबी ठिपके. तिसरीचें पान कागदासारखें पांढरें असून त्यावर हिरव्या शिरांची जाळी विणलेली दिसते.

ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेंतील उष्ण व दमट अरण्यांची. तिचें नांव मात्र मलाया देशांतील, अळवासारख्या झाडांना लावल्या जाणाऱ्या ‘केलादि’ या शब्दावरून पडलें आहे. अठराव्या शतकांत ती युरोपांत गेली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समधील आल्फ्रेड ब्ल्यू यांनीं निरनिराळ्या जातींचा संकर करून पुष्कळ नव्या जाती तयार केल्या. आज जगांत विकले जाणारे बहुतेक कंद अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतांतील लेक प्लॅसिड या गांवाच्या आसपास पिकतात.

वनस्पति परदेशची असली, तरी तिचें घराणें टोकावड्याच्या मुलांना अपरिचित नाहीं. परसांतील अळू व शेतांतील सुरण हे तिचेच भाऊबंद. मृगाचा पाऊस पडतांच माळशेजच्या वाटेवरील रानांतून जीं शेवळें वर येतात, व ज्यांच्या जुड्या घेऊन आदिवासी भगिनी मुरबाडच्या बाजारांत बसतात, तींही याच घराण्यांतील. नागाच्या फणीसारखें फूल येणारा सापकांदाही यांचाच नातलग. या सर्वांच्या फुलांची रचना एकच असते : मध्यें एक दांडी, तिच्यावर अगदीं बारीक खरीं फुलें, आणि भोंवतीं एक मोठें आवरण. शेवळ सोलतांना हें प्रत्येकानें स्वतः पाहावें.

आतां हिला सावली कां लागते, तें पाहूं. पानांतील हिरव्या द्रव्याच्या साहाय्यानें झाड सूर्यप्रकाशांत आपलें अन्न तयार करितें. कॅलेडियमच्या पानाचा पांढरा भाग या द्रव्याला जवळजवळ पारखा असतो, आणि पानही पातळ असतें. त्यामुळें दुपारच्या कडक उन्हांत तें करपतें. परंतु अगदीं काळोखही उपयोगी नाहीं. तेथें देंठ लांबतात, पानें लोळूं लागतात आणि रंग फिका पडतो. सकाळचें कोंवळें ऊन व नंतर दिवसभर झाडाखालची चाळणीसारखी सावली ही तिला सर्वांत मानवते.

लागवड वैशाखाच्या अखेरीस करावी, कारण कंद फुटण्यास जमीन चांगली उबदार लागते. आठ इंच तोंडाची कुंडी घ्यावी. तिच्या तळाच्या भोंकावर खापऱ्या ठेवाव्या. तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा किंवा जुनें शेणखत आणि वाळू हीं सारखीं मिसळून कुंडी भरावी. कंदाचे डोळे वर करून तो दोन इंच खोल पुरावा. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानेंच द्यावें. पानें आल्यावर माती सदा ओलसर ठेवावी. कंदावर मधला डोळा मोठा असतो. तो चाकूनें हलकेच काढून टाकिला, तर बाजूचे डोळे जोरानें फुटतात व झाड दाट होतें. कंद कापून झाडें वाढवावयाचीं असल्यास प्रत्येक फोडींत एक तरी डोळा राखावा, कापलेल्या भागास राख लावावी आणि दोन दिवस वाळवून मग ती पुरावी. खत अति दिल्यास पानें मोठीं होतात, पण हिरवीं पडूं लागतात.

आपल्याकडील पाऊस हा या झाडाचा मित्रही आहे आणि शत्रूही. हवेंतील दमटपणा त्याला आवडतो, पण मुळांशीं पाणी सांचलें कीं कंद कुजतो. म्हणून कुंडी पडवींत ठेवावी, मात्र पागोळीखालीं ठेवूं नये. पागोळीच्या धारेनें पानें फाटतात व माती वाहून जाते. जमिनींत लावावयाचें असेल, तर उंच वरंबा करावा. पावसाळ्यांत गोगलगाई रात्रीं पानें खातात. कंदील घेऊन त्या वेंचाव्या, हा सर्वांत सोपा उपाय.

यापुढील गोष्ट मीं स्वतःच्या चुकीनें शिकलों. कार्तिक संपतां संपतां माझ्या दोन कुंड्यांतील पानें पिवळीं पडून गळूं लागलीं. एक कुंडी दाराशीं होती. झाड तहानलें असें समजून तिला मीं रोज अधिक पाणी घालीत गेलों. दुसरी अंगणाच्या कोपऱ्यांत होती. ती मी विसरूनच गेलों. पौषांत पहिली कुंडी उकरून पाहिली, तों कंदाचा दुर्गंधी लगदा झालेला. दुसरी मेली असें समजून फेंकून देणार होतों, पण आळसानें राहून गेली. वैशाखांत तिच्यांतून गुलाबी कोंब वर आला! झाड मेलें नव्हतें, झोंपलें होतें. पानें गळूं लागतांच पाणी हळूहळू तोडावें. कंद कोरड्या कुंडींतच राहूं द्यावा, किंवा काढून कोरड्या वाळूंत ठेवावा. मात्र थंडी लागेल अशा जागीं ठेवूं नये.

एक सूचना मात्र सर्व पालकांनीं ध्यानांत ठेवावी. कॅलेडियमचें पान अळवासारखें दिसलें, तरी तें खाण्याचें नव्हे. या घराण्यांतील वनस्पतींत सुयांसारखे अत्यंत बारीक स्फटिक असतात. ते तोंडांत व घशांत टोंचून आग होते व सूज येते. अळू नीट शिजवितात व त्यांत चिंच घालितात, शेवळांबरोबर काकडाचीं फळें घालितात, तें ही खाज मोडण्यासाठींच. कॅलेडियमला मात्र शिजवूनही ताटांत स्थान नाहीं. म्हणून तें भाजीच्या अळवाजवळ कधींही लावूं नये, आणि रांगतीं मुलें व वासरें यांपासून दूर ठेवावें. मुलानें पान चावलेंच, तर तोंड पाण्यानें स्वच्छ धुवावें. घसा सुजूं लागल्यास विलंब न लावितां वैद्यकीय मदत घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, पावसाच्या चार महिन्यांत पान जें अन्न तयार करितें, तेंच कंदांत सांठतें, आणि पुढच्या वर्षींचा कोंब त्याच भांडवलावर उगवतो. रानांतील शेवळाचेंही तसेंच आहे. फूल कंदाची शिल्लक खर्च करितें, मागून येणारें पान ती भरून काढितें. फूल खुडलें तरी पान व कंद राहूं दिले, तर पुढल्या मृगांत शेवळ पुन्हां भेटेल. कंदच उपटला, तर ती जागा कायमची ओसाड होईल. येत्या वैशाखांत सावलींतील एका कोपऱ्यांत एक कंद लावून पाहा. जमिनीखालचें न दिसणारें जपण्याची संवय हातास लागली, तर ती रानांतही उपयोगीं पडेल.