जपानी शिकताय? मधला इंग्रजीचा थांबा गाळून बघा

ज्यांना इअरफोन लावायची सोय नसते, किंवा ज्यांच्या ऐकण्यापेक्षा वाचलेलंच जास्त लक्षात राहतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'बेसिकली' जरा कमी केलेत.

एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला होता. पुण्यात टेस्टिंगमध्ये काम करते. जेएलपीटीची एन-फोर पास आहे आणि एन-थ्रीचा क्लास चालू आहे. तिचं म्हणणं असं: "दादा, पेपर सुटतो. पण क्लायंट बोलायला लागला की पहिलं वाक्य डोक्यात उलटसुलट करेपर्यंत तो तिसऱ्या वाक्यावर पोचलेला असतो. मॅनेजर म्हणतोय, मार्चपर्यंत कॉलवर बोलायला लागलीस तर जपानचं प्रोजेक्ट तुझं, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी देतो. सोडून देऊ का?"

नको सोडूस. आणि तिच्याच वाक्यातला 'उलटसुलट' हा शब्द पकडा, कारण सगळी गोम तिथं आहे.

आपण जपानी शिकतो ते इंग्रजीतून. पुस्तकातल्या व्याकरणाच्या नोट्स इंग्रजीत, अ‍ॅप इंग्रजीत, यूट्यूबवरचे बरेचसे व्हिडिओसुद्धा इंग्रजीत. त्यामुळे जपानी वाक्य ऐकलं की डोकं आधी त्याचं इंग्रजी करतं. इंग्रजीत क्रियापद मधे येतं आणि जपानीत शेवटी, म्हणून वाक्य पूर्ण उलटं करावं लागतं. पण मराठीत क्रियापद कुठं असतं? शेवटीच की! 'मी उद्या ऑफिसला जाणार' हे आहे त्याच क्रमानं जपानीत जातं. उलटसुलट करायचं काही कारणच नाही.

प्रश्न कसा विचारतात बघा. 'कोरे वा होन देसु का?' म्हणजे 'हे पुस्तक आहे का?' शेवटचा 'का' दोन्हीकडे तोच. (हा निव्वळ योगायोग आहे बरं का. दोन्ही भाषांचं एकमेकींशी नातं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तसे फॉरवर्ड पाठवू नका.) शब्दाच्या मागे चिकटणारी ती पार्टिकल्स, ज्यांना क्लासमध्ये सगळे घाबरतात, ती आपल्याला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय म्हणून शाळेपासून ठाऊक आहेत. 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत, 'मो' म्हणजे 'मीपण'मधला पण. 'देसु ने' म्हणजे आपलं 'आहे ना'.

आता जरा मोठं वाक्य घेऊ. 'किनो वाताशी गा योंदा होन.' शब्दाला शब्द लावा: काल, मी, वाचलेलं, पुस्तक. झालं! इंग्रजीत पुस्तक आधी येतं आणि 'मी काल वाचलेलं' हे त्याच्या मागून. म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा धडा डोंगरासारखा वाटतो. आपण 'काल आलेला माणूस', 'आईनं केलेली भाजी' असं दिवसभर बोलत असतो.

पण खरी मजा आहे जोडक्रियापदांत. 'मिन्ना नो निहोंगो'च्या दुसऱ्या पुस्तकात ही येतात, आणि इंग्रजी नोट्समध्ये प्रत्येकाला दोन-दोन परिच्छेद खर्ची पडतात. मराठीत एकेक शब्द पुरतो.

'ताबेते मिरु'. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. खाऊन बघणे! तेच क्रियापद आणि तोच अर्थ. बघण्याचा डोळ्यांशी काही संबंध नाही, प्रयत्न करण्याशी आहे. म्हणून कॉलवर 'टेस्ट करून बघतो' म्हणायचं असेल तर 'तेसुतो शिते मिमासु'.

'ओकु' म्हणजे ठेवणे. 'कोपी शिते ओकिमासु' म्हणजे कॉपी करून ठेवतो, पुढं लागेल म्हणून.

'शिमाउ' जरा खोल आहे. मूळ अर्थ आवरणे, उरकणे. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकलं. पण हाच शब्द पश्चात्तापालाही चालतो: 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे विसरून बसलो. म्हणजे आपले 'टाकणे' आणि 'बसणे' हे दोघं तिकडं एकाच घरात राहतात. याचा कामात थेट परिणाम होतो. मराठीत 'लॉग डिलीट करून टाकले' हे आपण छाती फुगवूनही म्हणू शकतो. जपानीत 'केशिते शिमाइमाशिता' म्हटलं की समोरच्याला बहुतेक वेळा ऐकू येतं, 'अरेरे, डिलीट करून बसलो.' नुसतं काम उरकल्याचं सांगायचं असेल तर साधं 'केशिमाशिता' म्हणा. नाहीतर तिकडं विनाकारण बॅकअप शोधायला सुरुवात होईल.

सगळंच इतकं सरळ जुळत नाही. आपल्याकडे 'करून देणे' एकच. त्यांच्याकडे देण्याची दिशा बघावी लागते. दुसऱ्यानं माझ्यासाठी केलं तर 'शिते कुरेता', मी दुसऱ्यासाठी केलं तर 'शिते आगेता'. आणि क्लायंटला 'मी करून देतो' या अर्थानं 'शिते आगेमासु' म्हणू नका, उपकार केल्याचा सूर लागतो. दुसरी अडचण मानाची. ऑफिसात आपण 'कुलकर्णी सर' म्हणतो आणि बाहेरच्या माणसाशी बोलतानाही सर सोडत नाही. जपानीत आपल्या कंपनीच्या माणसाबद्दल क्लायंटशी बोलताना 'सान' काढून टाकायचं, नुसतं 'कुलकर्णी', मग तो मॅनेजर का असेना. जीभ अडखळते, पण ते तसंच आहे.

आता कान. जेएलपीटीच्या एन-थ्रीला 180 पैकी 95 मार्क लागतात. तीन विभाग, प्रत्येकी 60 मार्कांचे, आणि प्रत्येकात किमान 19. त्यातला एक विभाग ऐकण्याचा. बोलण्याचा विभागच नाही. अगदी एन-वनपर्यंत कुठंच नाही! लिहायचंही नसतं, पर्याय निवडून गोळे काळे करायचे. म्हणजे वाचनात तगडा माणूस ऐकण्यात जेमतेम 19 काढून, एक शब्द न बोलता पास होऊ शकतो. ही परीक्षा वाईट नाही. पण ती जे मोजतच नाही, ते सर्टिफिकेट बघून आलंय असं समजू नका. मॅनेजर लोकांनीही.

ऐकण्यात मराठी माणूस कुठं अडकतो? त्सुनामीतल्या 'त्सु'ला नाही, तो आपल्या 'चूल'मधल्या च च्या अगदी जवळ आहे. 'किते' आणि 'कित्ते' यांतल्या जोडाक्षरालाही नाही. अडकतो स्वरांच्या लांबीला. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाची आपण फारशी फिकीर करत नाही, शुद्धलेखनाच्या पेपरात तेवढा त्रास होतो. जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, आणि 'बा' दुप्पट लांबवला, 'ओबाऽसान', की आजी. चाळिशीच्या बाईंना आजी म्हणायचं नसेल तर कानाला हे वळण लावावंच लागतं. आणि देवनागरीत हा फरक नीट दिसत नाही, म्हणून देवनागरीत जपानी लिहून घ्यायची सवय लावू नका. मी इथं ब्लॉगपुरतं लिहिलंय. हिरागानाची मूळ अक्षरं 46च आहेत. आणि क्रम बघा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बाराखडी पाठ असणाऱ्याला ओळखीचा वाटेल, कारण बौद्ध भिक्खूंबरोबर तिकडं गेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो आलाय. हा मात्र योगायोग नाही.

तर मग रोज करायचं काय? मी जे करतो आणि दोन-चार कलीगना जे लागू पडलं, ते सांगतो.

तीस सेकंदांचा ऑडिओ घ्या, जास्त नाही. क्लासच्या पुस्तकाचा चालेल, किंवा 'निहोंगो कॉन तेप्पे'सारखा सोपा पॉडकास्ट. एकदा नुसतं ऐका. मग थांबवत थांबवत, ऐकू येईल ते हिरागानात लिहा. मग संवाद छापलेला असेल तर ताडून बघा. कुठं लांब स्वर सुटला, कुठं 'देसु'चा 'उ' गिळलेला कळला नाही, ते लाल पेनानं दिसतं. मग त्या आवाजाच्या मागोमाग, अर्धा सेकंद मागं राहून, बोलत जा. याला शॅडोइंग म्हणतात, दुभाषांच्या ट्रेनिंगमध्येही वापरतात. शेवटी स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी वाजवा. हा भाग सगळे टाळतात, कारण स्वतःचा आवाज कोणालाच आवडत नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे. पीएमटीत बसून शेवटचे दोन भाग जमणार नाहीत, बाकीचे जमतील.

शब्दांसाठी अँकी आहेच. नावच जपानी आहे, 'पाठांतर'. विसरायच्या बेताला कार्ड पुन्हा समोर आणायचं, एवढंच ते करतं. माणूस किती भरभर विसरतो हे एबिंगहाउसनं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मांडलं होतं, त्यामुळे आपलीच स्मरणशक्ती खराब असं समजू नका. फक्त कार्डावर सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य टाका. आणि पुढच्या बाजूला इंग्रजी नाही, तर आपण खरंच बोलतो ती मराठी. 'बघतो चेक करून, उद्या सांगतो' असं. मागच्या बाजूला जपानी. दिवसाला पाच नवी कार्डं खूप झाली.

मेसेज पाठवणाऱ्या ताईसाठी एक जादा गोष्ट. कॉलवर सगळं बोलायची घाई नको. स्वतःच्या कामाची वीस वाक्यं काढ: बग सापडला, पुन्हा करून बघितला, इकडं येत नाहीये, लॉग पाठवून ठेवते. टेस्टिंगच्या कॉलवर फिरून फिरून हीच लागतात. ती जिभेवर बसव आणि पुढच्या कॉलला फक्त तुझा स्टेटस जपानीत दे, पुढचं इंग्रजीत चालू दे. त्यांनी उलट प्रश्न विचारला आणि कळला नाही, तर 'मो इचिदो ओनेगाइ शिमासु', पुन्हा एकदा सांगा प्लीज. हे म्हणायला कुठली लेव्हल लागत नाही.

कांजींबद्दल खूप जणांनी विचारलंय. नेहमीच्या वापरातल्या 2,136 आहेत, त्यामुळे त्यांना अख्खा भाग लागणार. पुढच्या शनिवारी तोच घेऊ. तोवर तुमच्या बोलण्यातली 'करून बघ', 'करून ठेव', 'करून टाक' दिवसभरात किती वेळा येतात ते मोजा आणि मला कळवा.