कुलूप पारखणारे विद्यार्थी

कुलूप भक्कम आहे की नाही, हे कसे ओळखावे? ते किल्लीवाचून उघडण्याचा प्रयत्न एखाद्या कसबी माणसाने करून पाहिल्याशिवाय त्याची खरी परीक्षा होत नाही. संगणकाचेही तसेच आहे. बँकांचे हिशेब, रुग्णालयांतील नोंदी, आगगाडीची तिकिटे हे सारे आज संगणकाच्या स्वाधीन आहे. त्याच्या रक्षणाचे शास्त्र पदवीनंतर विद्यापीठात शिकता येते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात १९९२ साली अशा शिक्षणाचा एम.एससी. अभ्यासक्रम सुरू झाला. गुप्त लिपीमागील गणित, आज्ञावलीत राहून जाणारे दोष, त्यासंबंधीचे कायदे, हे सारे अशा विद्यार्थ्याला अभ्यासावे लागते. आणि कुलूप उघडण्याची विद्याही शिकावी लागते. ही विद्या दुधारी आहे. अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांच्या हकिकतींवरून हे ध्यानात येईल.

१९८३ साली फ्रेड कोहेन हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होता. इतर आज्ञावलींत शिरून स्वतःच्या प्रती काढणारी एक आज्ञावली त्याने रचली. प्रथम त्याने अधिकाऱ्यांची अनुमती घेतली आणि मगच प्रयोग केले. पाचही प्रयोगांत तासाभराच्या आत संगणकाचे सर्व अधिकार त्याच्या हाती आले! त्याचे गुरू लेन एडलमन यांनी अशा आज्ञावलीला ‘व्हायरस’, म्हणजे विषाणू, हे नाव सुचविले. पुढे त्या संगणकावर आणखी प्रयोग करण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तरीही कोहेनचा अभ्यास थांबला नाही. प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी आज्ञावली असूच शकत नाही, हे त्याने गणिताने सिद्ध केले.

कॉर्नेल विद्यापीठाचा रॉबर्ट मॉरिस हाही असाच बुद्धिमान विद्यार्थी. संगणकांच्या जाळ्यातील उणिवा दाखवाव्यात, या हेतूने २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्याने एक आज्ञावली त्या जाळ्यात सोडली. त्याने कोणालाही विचारले नव्हते. तिच्या प्रती त्याच्या कल्पनेहून कितीतरी वेगाने वाढल्या आणि हजारो संगणक अडून बसले. घाबरून त्याने मित्राकरवी बचावाचा उपाय कळविला. परंतु जाळेच तुंबल्यामुळे तो निरोप वेळेवर पोहोचला नाही. १९९० साली न्यायालयाने त्याला दंड ठोठावला आणि चारशे तास समाजसेवा करण्याची आज्ञा दिली. पुढे मॉरिस स्वतः प्राध्यापक झाला.

दोघांच्याही बुद्धीत उणे काही नव्हते. अंतर होते ते एका प्रश्नाचे: “करून पाहू का?” कोहेनने तो आधी विचारला, मॉरिसने विचारला नाही.