पन्नास तास मोजून शिक्षक घडतो का?

खडोली हे दादरा आणि नगर हवेलीतलं, सिल्वासाजवळच्या औद्योगिक पट्ट्यातलं गाव. मुळात वस्ती वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांची. कारखाने आले तशी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातली कामगार कुटुंबंही या पट्ट्यात आली. 2011 च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीत निम्म्याहून थोडे अधिक, सुमारे 52 टक्के लोक आदिवासी आहेत. अशा भागातल्या वर्गात घरी वारली बोलणारी मुलगी आणि भोजपुरी बोलणारा मुलगा एकाच ओळीत बसतात, आणि समोरचं पुस्तक या दोघांच्याही घरच्या भाषेत नसतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी डी.एड. झालेल्या शिक्षकाला एकभाषिक वर्ग गृहीत धरून शिकवायला शिकवलं होतं. तो वर्ग आता त्याच्यापुढे नाही. म्हणून शिक्षकाने नोकरीत असताना नव्याने शिकत राहणं हा इथे हौसेचा भाग नसून रोजच्या कामाची गरज आहे. मात्र हे शिकणं कसं घडतं याविषयी अधिकाऱ्यांच्या, पालकांच्या आणि खुद्द शिक्षकांच्या मनात काही समजुती पक्क्या बसल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक पुराव्यापुढे टिकत नाहीत.

सगळ्यांत रुजलेली समजूत अशी की प्रशिक्षणाला हजर राहिलं की शिक्षकाचा विकास झाला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचं उद्दिष्ट प्राथमिक स्तरावरच्या सुमारे 42 लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचं होतं. करोनाच्या काळात तो ‘दीक्षा’ या संकेतस्थळावर गेला. एवढ्या मोठ्या देशात हे प्रयत्न आवश्यकच होते. पण धोरणातल्या त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग फारसा कुणी उच्चारत नाही. हे तास शिक्षकाने स्वतःच्या आवडीनुसार निवडावेत, असंही त्यात म्हटलं आहे. तास मोजता येतात, आवड मोजता येत नाही, म्हणून तास तेवढे उरले. उरलेल्या तासांचा हिशेब व्हिडिओ पूर्ण केल्याच्या नोंदीवर आणि प्रमाणपत्रावर येऊन थांबला. सभागृहात ऐकलेलं वर्गात उतरतं का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य प्रांतातल्या एका प्रयोगाने बरंच स्पष्ट दिलं आहे. तिथे प्राथमिक वर्गांतल्या मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत, सेत्स्वानात, वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांचे गट केले होते. एका गटाला पाठ-आराखडे आणि साहित्य दिलं आणि एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाला तेच आराखडे, तेच साहित्य दिलं, पण प्रशिक्षक त्यांच्या शाळेत जाऊन वर्गात बसले, पाठ पाहिला आणि त्यावर शिक्षकाशी बोलले. दोन वर्षांनी पाहिलं, तर दुसऱ्या गटातल्या मुलांच्या वाचनातली प्रगती पहिल्या गटाच्या जवळपास दुप्पट होती. साहित्य एकच होतं. फरक होता तो शेजारी बसलेल्या माणसाचा. अमेरिकेतल्या मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये असे 60 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही वर्गातल्या अशा सोबतीने अध्यापन सुधारतं आणि मुलांचं शिकणंही वाढतं, हे दिसलं. त्यांनी एक इशाराही दिला आहे: कार्यक्रम खूप मोठा केला की परिणाम कमी होतो. योजना आखणाऱ्यांनी तो भाग वगळून चालणार नाही.

दुसरी समजूत याच्या उलट टोकाची: शिक्षक अनुभवाने आपोआप घडतो, प्रशिक्षणाची गरजच काय? महाराष्ट्रात 12 वर्षांनी वरिष्ठ आणि 24 वर्षांनी निवड वेतनश्रेणी मिळते, आणि सेवेची वर्षं म्हणजेच परिपक्वता हा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे. पहिल्या काही वर्षांत शिक्षक झपाट्याने सुधारतो, हे खरं. पुढे तो किती सुधारेल हे मात्र तो कुठल्या शाळेत आहे यावर बरंच अवलंबून असतं. क्राफ्ट आणि जॉन पापे यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराच्या शाळांची आकडेवारी तपासली, तेव्हा जिथे सहकारी एकमेकांना मदत करतात, मुख्याध्यापक पाठीशी असतात आणि शिस्तीचं वातावरण असतं, अशा शाळांतले शिक्षक दहा वर्षांत कमी पोषक शाळांतल्या शिक्षकांपेक्षा 38 टक्के अधिक सुधारल्याचं दिसलं. म्हणजे अनुभव शिकवतो, पण सोबतीत. एकट्या खोलीत घालवलेली वीस वर्षं कधीकधी एकाच वर्षाची वीसदा झालेली उजळणी असते.

आता टॅबलेट आणि इंटरनेट आल्यावर हे सगळं दुरून करता येईल, असं म्हटलं जातं. दक्षिण आफ्रिकेतच हेही तपासून पाहिलं गेलं. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना एका गटात प्रत्यक्ष भेटणारा मार्गदर्शक दिला, दुसऱ्यात टॅबलेटवरून बोलणारा. पहिल्या वर्षी दोन्ही सारखेच वाटले. तीन वर्षांनी मुलांच्या इंग्रजी वाचनात सुधारणा दिसली ती प्रत्यक्ष भेटीच्या गटात. दुरून बोलणाऱ्या गटात ती दिसली नाही. यावर कुणी रणजितसिंह डिसले यांचं उदाहरण देईल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला 2020 चं ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं, आणि त्यांचं नाव झालं ते पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे. पण त्या कामाचा क्रम लक्षात घ्यायला हवा. मुलींच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं मराठी, हे त्यांनी आधी ओळखलं. ती भाषा शिकले, मजकूर मुलांच्या भाषेत नेला, आणि कोड त्यानंतर आला. तंत्रज्ञानाने त्यांच्या निरीक्षणाला हात दिला, पण निरीक्षण त्यांचंच होतं.

भाषेचा हा मुद्दा खडोलीसारख्या ठिकाणी सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका इथेच सर्वांत जुना गैरसमज आहे: आदिवासी मुलाची घरची भाषा ही शिकण्यातली अडचण आहे, ती जितकी लवकर सुटेल तितकं बरं. याला उत्तर शोधायला परदेशी जावं लागत नाही. दमणगंगेच्या दक्षिणेला, आजच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत माँटेसोरी पद्धतीवर काम करून आल्या होत्या. ती पद्धत जशीच्या तशी वारली वस्तीवर आणली असती तर बंद पडली असती. म्हणून त्यांनी महाग साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरल्या. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने याला फार मोल आहे. दोन शिक्षिकांनी एक आधुनिक पद्धत नीट आत्मसात केली आणि मुलं पाहून ती बदलली. व्यावसायिक विकास म्हणतात तो हाच, आणि तो इथून फार लांब नसलेल्या टेकडीवर, कुठल्याही प्रमाणपत्राविना घडला. मुलांना किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं, असं 2020 चं धोरणही म्हणतं. ‘मग इंग्रजीचं काय?’ ही पालकांची शंका रास्त आहे. कारखान्यातली बरी नोकरी इंग्रजीवर अडते, हे त्यांनी पाहिलेलं असतं. मात्र वाचनाची पहिली पायरी कळणाऱ्या भाषेत चढलेलं मूल दुसरी भाषा अधिक भक्कमपणे शिकतं, असं शिक्षणसंशोधन सांगतं. वारलीत गोष्ट सांगायला लावणारा शिक्षक त्या मुलाचं इंग्रजी मागे पाडत नाही.

प्रशिक्षणात आणखी एक समजूत नेहमी सांगितली जाते, ती थोडक्यात खोडून काढण्यासारखी आहे: काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही हाताने, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवावं. हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये यावरचं संशोधन तपासलं. शैली जुळवून शिकवल्याने मूल अधिक शिकतं, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही.

वर्गात सोबत हवी, या म्हणण्यावर तीन हरकती येतात. लहान शाळांत सोबती कुठून आणायचा? शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात, आणि एक रजेवर गेला की दुसऱ्याला हलताही येत नाही. ही हरकत खरी आहे, म्हणून एकक म्हणून एकटी शाळा नको, शाळांचा समूह हवा. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकं वाचण्याऐवजी एकाने पाठ घ्यावा, बाकीच्यांनी मुलं कुठे अडली ते टिपावं. जपानमधले शिक्षक हेच शंभराहून अधिक वर्षं करत आले आहेत. दुसरी हरकत: वर्गात बसणारा म्हणजे तपासणीस. आपल्याकडच्या इतिहासात ही भीती रास्त आहे, त्यामुळे पाठ पाहणाऱ्याचं टिपण गोपनीय अहवालात जाता कामा नये, हे लेखी असायला हवं. तिसरी हरकत वेळेची. कायद्याने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई असली, तरी शिक्षकाचा दिवस नोंदी भरण्यात जातो. त्यावर आणखी तास लादणं अन्यायाचं ठरेल. म्हणून नवे तास नकोत, असलेल्याच 50 तासांची वाटणी बदलावी. दादरा आणि नगर हवेलीत विधानसभा नाही. कारभार केंद्रशासित प्रदेशाच्या प्रशासनाकडे आहे, त्यामुळे असा बदल प्रशासनाच्या आदेशाने करता येऊ शकतो. त्या 50 तासांतले निम्मे शिक्षकाने शेजारच्या शाळेतला पाठ पाहण्यात, आपला पाठ दाखवण्यात आणि त्यावर बोलण्यात घालवले, तर ते प्रशिक्षणातच मोजावेत. खडोलीच्या परिसरातल्या शाळांमध्ये वारली आणि कोकणा जाणणारे शिक्षक असतील, तर त्यांना या भेटींत मार्गदर्शकाचं स्थान द्यावं, आणि त्या दिवशी त्यांच्या वर्गावर बदली शिक्षक पाठवण्याची तजवीज त्याच आदेशात असावी.